पाच माणसे उरली, पंक्तिभेदही उरला

"संकटात जातपात राहत नाही" हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! पूर आला की ऐकतो, भूकंप झाला की ऐकतो, कोरोनात तर रोज ऐकले. बोलणारा बहुधा तोच असतो, ज्याला संकट नसतानाही जात कधी टोचलेली नसते. वाक्य गोड आहे, अग्रलेखात शोभते. पण ते खरे आहे का? संकट जितके मोठे तितकी समता जास्त असा नियम असेल, तर सगळे जगच बुडाल्यावर आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरल्यावर तिथे संपूर्ण समता नांदायला हवी.

हा प्रयोग प्रत्यक्षात करून पाहता येत नाही. सिनेमावाल्यांनी मात्र तो पडद्यावर केला आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या एका प्रयोगाबद्दल आम्हाला आज लिहायचे आहे. चित्रपट अमेरिकेचा, साल १९५१, नाव 'फाइव्ह'. म्हणजे पाच. अणुबॉम्बच्या विषारी किरणांनी मानवजात संपली आहे आणि पाच माणसे तेवढी उरली आहेत. त्या पाचांत एक काळा आहे. आता पुढे काय होणार, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही पोराला न सांगता कळेल.

आधी चित्रपट कसा झाला ते पाहू. आर्च ओबोलर हा अमेरिकेतला नावाजलेला रेडिओ नाटककार. अंधारात बसून ऐकायच्या भयकथा हा त्याचा हातखंडा होता. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी झाले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियानेही अणुचाचणी केली आणि अमेरिकेची झोप उडाली. जो बॉम्ब आपण दुसऱ्याच्या डोक्यावर टाकला तो आपल्याही डोक्यावर पडू शकतो, हे त्या देशाला चार वर्षांनी कळले. ओबोलरने या भीतीवर चित्रपट काढायचे ठरवले. लेखक, निर्माता, दिग्दर्शक तोच. मोठा स्टुडिओ नाही, नामांकित नट नाहीत. सुमारे ७५ हजार डॉलर एवढाच खर्च, जो हॉलीवूडच्या हिशेबात चिल्लरच. कॅमेरा आणि बाकीच्या कामाला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून चित्रपटकला शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुले घेतली. चित्रीकरण मालिबूच्या डोंगरावर, ओबोलरच्या स्वतःच्या जागेत. तिथले घर फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने आखलेले. पैसे नव्हते म्हणून ओबोलरने आपले घरच जगाचे शेवटचे घर करून टाकले. कोलंबिया पिक्चर्सने पुढे तो वितरित केला.

गोष्ट थोडक्यात अशी. रोझॅन नावाची गरोदर बाई ओसाड रस्त्यांवरून भटकत, कोणी जिवंत आहे का ते शोधत एका डोंगरावरच्या घरापाशी पोचते. स्फोटाच्या वेळी ती इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत होती, शिशाच्या भिंतींनी तिला वाचवले. घरात मायकेल नावाचा गोरा तरुण आहे. तो न्यूयॉर्कच्या उंच इमारतीत लिफ्टमध्ये अडकला होता म्हणून वाचला. मग दोघे येतात. एक म्हातारा गोरा बँक कारकून, बार्नस्टेपल. त्याचे डोके फिरले आहे, आपण सुट्टीवर आलो आहोत असेच त्याला वाटते. आणि त्याला सांभाळत, जपत घेऊन आलेला चार्ल्स, काळा माणूस. दोघे चुकून बँकेच्या तिजोरीघरात कोंडले गेले होते. बार्नस्टेपल हट्ट धरतो म्हणून त्याला समुद्रावर नेतात. तिथे पाण्यातून एक माणूस बाहेर काढला जातो, त्याचे नाव एरिक. तो एव्हरेस्टवर हिमवादळात सापडला होता आणि विमानाने परतताना इंधन संपून समुद्रात कोसळला. तिकडे म्हातारा किनाऱ्यावरच शांतपणे मरतो. म्हणजे ज्या पाचांच्या नावाने चित्रपट ओळखला जातो, ते पाच एकत्र जिवंत असतात ते घटकाभरच.

येथपर्यंत या घरात बरे चालले होते. रोझॅन आणि मायकेलची सुरुवात काही गोड नव्हती. एकटी बाई दिसताच मायकेलने तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला होता, आणि ती विवाहित, गरोदर आहे म्हटल्यावर थांबला होता. या प्रसंगाला चित्रपट फार लवकर माफ करतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तर येथपर्यंत माणसे पेरणी करत होती, अन्न जमवत होती, एका छताखाली राहत होती. चार्ल्स राबत होता. कोणी कोणाला तू काळा, तू गोरा म्हणत नव्हते. मग एरिक आला.

एरिकला चार्ल्ससोबत राहणे सहन होत नाही. विचार करा, पृथ्वीवर चार माणसे उरली आहेत. शाळा नाही, बस नाही, "फक्त गोऱ्यांसाठी" अशी पाटी लावलेला एकही नळ चालू नाही. कायदा नाही, पोलीस नाही, मतदारयादी नाही. वर्णभेदातून ज्याला म्हणून काही फायदा मिळायचा ती सगळी दुकाने बंद झाली आहेत. तरीही याला चार्ल्सचे शेजारी असणे खुपते. चार्ल्स विरोध करतो, दोघांत मारामारी होते, आणि ती थांबते ती रोझॅनला कळा सुरू झाल्या म्हणून. मूल जन्माला येते. पुढे एरिक पिकात मोटार घालून ते तुडवतो. जा म्हटल्यावर पिस्तूल काढतो. एका रात्री रोझॅनला तिच्या नवऱ्याचा शोध घेऊ असे सांगून, तिला आणि बाळाला घेऊन, साठवलेले सामान चोरून तो शहराकडे निघतो. चार्ल्सला संशय येतो, तो आडवा जातो. झटापटीत एरिक त्याच्या पाठीत सुरा खुपसतो.

चार्ल्स मरतो. मानवजातीतल्या शेवटच्या काही माणसांतला एक, आणि त्याला बॉम्बने मारले नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त मांडले होते की जात ही काही विटांची भिंत नव्हे, की पाडली आणि झाले, ती मनाची एक अवस्था आहे. 'फाइव्ह' पाहताना आम्हाला हे राहून राहून आठवले. कारण या चित्रपटात विटांच्या भिंती पडलेल्याच नाहीत. इमारती जागच्या जागी आहेत, मोटारी उभ्या आहेत, आत सांगाडे आहेत. बॉम्बने माणसे मारली आणि वस्तू ठेवल्या. भेदभाव त्या वस्तूंत नव्हता. तो एका माणसाच्या डोक्यात होता, त्या डोक्यासकट समुद्र पोहून किनाऱ्याला लागला आणि पुन्हा कामाला लागला.

वंश आणि जात एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच पुराव्यानिशी सिद्ध केले आहे. पण तुलनेचा दरवाजाही त्यांनीच उघडला. त्याबद्दल पुढे.

चार्ल्सची भूमिका करणाऱ्या नटाचे नावही चार्ल्सच, चार्ल्स लॅम्पकिन. त्या काळात काळ्या नटाच्या वाट्याला काय येई? दरवान, स्वयंपाकी, डोळे फिरवून हसवणारा गडी. लॅम्पकिनने चार्ल्सला माणूस केले. चित्रपटात एके ठिकाणी तो जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या 'द क्रिएशन' या कवितेचा भाग म्हणतो. जॉन्सन हे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे कार्यवाह राहिलेले मोठे कवी. ही कविता त्यांनी काळ्या धर्मोपदेशकाच्या बोलीच्या ढंगात रचली. देवाने सृष्टी कशी घडवली त्याचे ते कथन आहे. १९५१ च्या गोऱ्या प्रेक्षकासमोर एक काळा माणूस, मेलेल्या जगात उभा राहून, जग कसे निर्माण झाले ते आपल्या लोकांच्या भाषेत सांगतो. चित्रपटातला हा सर्वात चांगला तुकडा आहे, आणि पटकथेतल्या खुनापेक्षा तोच आम्हाला जास्त छळतो. कारण निर्मितीची कथा सांगणारा चार्ल्स, पण नव्या निर्मितीत त्याला जागा नाही.

शेवट ऐका म्हणजे कळेल. शहरात रोझॅनला नवऱ्याचा सांगाडा सापडतो. एरिकच्या अंगावर किरणोत्साराचे व्रण दिसतात आणि तो वेड्यासारखा पळत सुटतो. रोझॅन बाळाला घेऊन पायी परत निघते, वाटेत बाळ मरते. मायकेल तिला शोधून घरी आणतो. तो पुन्हा माती खणू लागतो, तीही हातात अवजार घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते. पडद्यावर बायबलमधले नव्या आकाशाचे आणि नव्या पृथ्वीचे वचन येते. समाप्त. नवी पृथ्वी, नवा आदम, नवी हव्वा, दोघेही गोरे.

ओबोलर वर्णद्वेष्टा होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट त्या वर्षी हॉलीवूडमध्ये एवढे धाडस करणारे फार थोडे होते. वर्णद्वेष्ट्याला त्याने खलनायक केले आणि काळ्याला चित्रपटातला सर्वात सभ्य माणूस केले. आमचे भांडण नेमके या सभ्यपणाशी आहे. चार्ल्स म्हाताऱ्याची सेवा करतो, शेतात राबतो, कविता म्हणतो, आडवा जाऊन मरतो. त्याला स्वतःला काय हवे होते? त्याचे कोण कोण मेले? एकच तरुण बाई आणि तीन पुरुष उरलेल्या जगात त्याच्या मनात काय चालले होते? चित्रपट हे विचारतच नाही. विचारणे शक्यही नव्हते. हॉलीवूडच्या १९३० च्या आचारसंहितेत काळे आणि गोरे यांचे शरीरसंबंध दाखवायला बंदी होती, ती १९५६ मध्ये उठली. म्हणजे पडद्यावर मानवजात संपली तरी चालेल, पण चार्ल्सने रोझॅनकडे त्या नजरेने पाहिलेले चालणार नाही. रोटीपर्यंत चार्ल्स होता. बेटीची वेळ येण्याआधी तो गेला.

अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवला तेव्हा दिवे लागल्याबरोबर एका मुलीने विचारले, "पण चार्ल्सला मारायची गरज काय होती? एरिक तर तसाही मरणारच होता." आम्ही तिला वर्णद्वेषाचे वास्तव वगैरे समजावू लागलो. ती म्हणाली, "ते नाही विचारत. गोष्ट लिहिणाऱ्याला काय गरज होती?" या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. हा लेख तिच्यामुळेच लिहावा लागला.

आणखी एक गोष्ट. एरिक बाहेरून येतो, समुद्रातून. म्हणजे घर निर्मळ होते आणि रोग लाटांबरोबर आला. अमेरिकेचे घर १९५१ मध्ये किती निर्मळ होते? चित्रपट त्या वर्षी एप्रिलमध्ये पडद्यावर आला. जुलैमध्ये शिकागोला लागून असलेल्या सिसरो गावात हार्वी क्लार्क नावाच्या काळ्या माणसाने कुटुंबासाठी भाड्याने घर घेतले, तर हजारो गोऱ्यांच्या जमावाने ती इमारत फोडली, सामान खिडकीतून फेकून जाळले, आणि नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. डिसेंबरमध्ये विल्यम पॅटरसन आणि पॉल रोबसन यांनी संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिले की अमेरिकेत काळ्यांचा वंशसंहार चालू आहे. त्याच महिन्यात, नाताळच्या रात्री, फ्लोरिडातल्या मिम्स गावी एनएएसीपीचे कार्यकर्ते हॅरी मूर यांच्या घराखाली बॉम्ब फुटला. तो त्यांच्या निजायच्या खोलीच्या खालीच लावला होता. हॅरी त्याच रात्री गेले, पत्नी हॅरिएट नऊ दिवसांनी.

गोरी अमेरिका त्या वर्षी आकाशाकडे पाहत होती, रशियाचे विमान केव्हा येते म्हणून. मूर दांपत्याचा बॉम्ब आकाशातून आला नाही, पलंगाखालून आला. 'जगाचा अंत' ही काहींसाठी भविष्यातली भीती असते आणि काहींसाठी ती होऊन गेलेली, चालू असलेली गोष्ट असते. जहाजाच्या तळघरात साखळदंडाने बांधून ज्यांना आणले, ज्यांची भाषा, देव, नावे सगळे पुसले, त्यांचे जग केव्हाच बुडाले होते. गावाबाहेर फेकलेल्या, पाण्यापासून तोडलेल्या आपल्या पूर्वजांनाही कोणी जगाच्या अंताची गोष्ट सांगितली असती, तर ते म्हणाले असते, आम्ही त्यानंतरचेच आहोत.

हे काळ्या लेखकांनी ओबोलरच्या कितीतरी आधी ओळखले होते. १९२० मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्या 'डार्कवॉटर' या पुस्तकात 'द कॉमेट' नावाची कथा आली. तिच्या आदल्या वर्षी, १९१९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले होते. कथेचा नायक जिम हा न्यूयॉर्कच्या एका बँकेत निरोप्या. त्याला तळघरातल्या जुन्या तिजोरीघरात पाठवतात, कारण तिथे धोका आहे आणि जास्त किमतीची माणसे धोक्यात घालायची नसतात. त्याच वेळी धूमकेतूच्या शेपटीतल्या विषारी वायूने शहर मरते. हीन काम करायला खाली उतरवले म्हणूनच जिम वाचतो! बँकेचे तिजोरीघर, आत काळा माणूस, वर मेलेले जग. 'फाइव्ह'मध्ये एकतीस वर्षांनी हेच चित्र पुन्हा येते.

वर आल्यावर जिमला भूक लागते. तो श्रीमंतांच्या खाणावळीत शिरून जेवतो, आणि त्याच्या मनात येते की काल यांनी मला वाढले नसते. हे ज्याने लिहिले त्याला भूक आणि अपमान दोन्ही माहीत होते. पुढे त्याला ज्युलिया नावाची श्रीमंत गोरी तरुणी भेटते. दोघे मोटारीतून शहर पालथे घालतात, आपापली माणसे शोधतात, हार्लेमही पाहतात. आपण दोघेच उरलो असे वाटू लागते तसे तिच्या मनातले काळेगोरेपण गळत जाते. माणूस आणि माणूस, एवढेच उरते. आणि नेमक्या त्या क्षणी मोटारीचा भोंगा वाजतो. तिचा बाप आणि नियोजित वर आले आहेत. जग मेलेले नाही, फक्त न्यूयॉर्क मेले आहे. जमाव जमतो, जिमला फासावर चढवायची भाषा निघते. बाप त्याच्या हातात पैसे कोंबतो. जिम पुन्हा नोकर होतो.

ड्यु बॉइस यांचे निदान ओबोलरपेक्षा खोल आहे. त्यांच्या कथेत कोणी समुद्रातून आलेला एकटा दुष्ट नाही. गोरे जग परत आले, एवढेच पुरेसे आहे. समता टिकली ती फक्त समाज मेलेला होता तोवर.

हीच ती व्यक्ती, जिला बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या अगदी शेजारी. त्याच शहरातून तेव्हा ड्यु बॉइस 'द क्रायसिस' हे मासिक चालवत होते. पत्रात बाबासाहेब म्हणतात की मी निग्रो प्रश्नाचा विद्यार्थी राहिलो आहे, तुमचे लेखन वाचत आलो आहे, आणि अस्पृश्यांची व तुमची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की हा अभ्यास आमच्यासाठी स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागवल्या, कारण अस्पृश्यांसाठीही तसे पाऊल उचलण्याचा विचार होता. ३१ जुलै १९४६ रोजी ड्यु बॉइस यांनी उत्तर पाठवले, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल सहानुभूती कळवली. पुढे १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने संघटनेचे नाव 'पँथर' ठेवले, त्यामागेही हाच धागा आहे. तेव्हा आम्ही अमेरिकेचा जुना सिनेमा घेऊन बसलो म्हणून कोणी नाक मुरडू नये. हा अभ्यास बाबासाहेबांनी घालून दिलेला आहे.

'फाइव्ह'नंतर आठ वर्षांनी, १९५९ मध्ये, हॅरी बेलाफॉन्टे या काळ्या गायक-नटाने 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल' केला. निर्मितीत त्याची स्वतःची कंपनी भागीदार होती. हा काही स्वस्तातला चित्रपट नाही, एमजीएमचा आहे. खाणीत अडकलेला काळा माणूस बाहेर येतो तर जग रिकामे. न्यूयॉर्कमध्ये एक गोरी तरुणी भेटते. शेजारी एवढे मोठे मोकळे शहर असताना दोघे वेगवेगळ्या इमारतींत राहतात, आणि हा आग्रह त्याचाच असतो. तिच्या वाढदिवसाला तो मेजवानी करतो, स्वतः वाढतो, पण तिच्या टेबलावर बसत नाही. सगळे जग मेले तरी त्याच्या अंगात शिरलेली पाटी गळालेली नाही. जातीचा हा दुसरा पैलू 'फाइव्ह'ला दिसला नव्हता. शेवटी दुसरा गोरा पुरुष येतो, बंदुका निघतात, आणि तिघे हातात हात घालून चालू लागतात. तोपर्यंत आचारसंहितेतली बंदी उठली होती. तरी एक चुंबनही नाही! वास्तवातल्या अमेरिकेत मिश्र विवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ मध्ये, आणि तेव्हाही सोळा राज्यांत ते जिवंत होते.

मग १९६८. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोने सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. मेलेले उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि काही माणसे शेतघरात अडकतात. नायक बेन, भूमिका ड्वेन जोन्सची. ही भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नव्हती, चाचणीत जोन्स सर्वात चांगला ठरला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. हा बेन चार्ल्ससारखा सोशिक नाही. तो हुकूम सोडतो, भांडतो, गोऱ्या माणसाच्या कानाखाली वाजवतो, बंदूक स्वतःच्या हातात ठेवतो. रात्रभर लढून तो एकटा वाचतो. सकाळी शेरीफची माणसे बंदुका आणि कुत्री घेऊन येतात, खिडकीत हललेली सावली पाहतात आणि त्याला कपाळात गोळी घालतात. मांस उचलायच्या आकड्यांनी त्याचे प्रेत ओढून जाळतात. शेवटची दृश्ये स्थिर छायाचित्रांची आहेत, अगदी जुन्या झुंडबळींच्या छायाचित्रांसारखी. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. तयार चित्रपट मोटारीत घालून न्यूयॉर्कला निघालो असताना रेडिओवर ती बातमी ऐकली, असे रोमेरोने पुढे सांगितले.

चार्ल्सही मेला आणि बेनही मेला. फरक कोठे आहे? चार्ल्सच्या मरणाने गोष्ट पुढे सरकते आणि गोऱ्या जोडप्याला नवी पृथ्वी मिळते. बेनच्या मरणानंतर गोष्टच संपते. प्रेक्षकाला हातात काहीही न देता घरी पाठवले जाते. दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक आहे असे आमचे मत आहे.

आपल्याकडेही ही हिशेबवही आहेच. १९३६ मध्येच, म्हणजे 'जातिनिर्मूलन' छापले गेले त्याच वर्षी, मुंबईत बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' काढला. कस्तुरी रेल्वेगाडी थांबवायला धावते आणि रुळावर मरते. १९५९ मध्ये, बेलाफॉन्टेचा चित्रपट आला त्याच वर्षी, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. सुजाता मरत नाही, तिचे लग्नही होते. पण त्याआधी तिला सांभाळणाऱ्या सवर्ण आईला आपले रक्त द्यावे लागते, तेव्हा कोठे आईच्या तोंडी ती 'मुलगी' होते. कनवाळू माणसांनी बनवलेले हे चित्रपट आहेत. आमची माणसे त्यांत चांगली आहेत, फार चांगली आहेत. फक्त प्रवेशाची किंमत रक्ताने मोजावी लागते.

पडद्यावरची गोष्ट सोडा म्हणणाऱ्यांसाठी एकच सांगतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी आली. तमिळनाडूत नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर हजारो माणसे गेली. लाटेने कोणाची जात विचारली नाही, हे खरे. पण मदतछावण्यांनी विचारली. दलितांना छावण्यांतून दूर ठेवले गेले, पाण्याच्या टाकीला हात लावण्यावरून अडवले गेले, याच्या नोंदी मानवाधिकार संघटनांनी केल्या आहेत. आणि कुजलेली प्रेते उचलायला सरकारने कोणाला आणले? इतर शहरांतल्या सफाई कामगारांना. त्यांची जात सांगायला हवी का? त्याआधी २००१ च्या कच्छ भूकंपानंतरही जातवार छावण्या उभ्या राहिल्याच होत्या. अणुबॉम्ब पडायची गरज नाही, एक लाट पुरते.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. लिहिणाऱ्याला चार्ल्सला मारायची गरज काय होती? आम्हाला सुचलेले उत्तर असे. चार्ल्स जिवंत राहिला असता तर शेवटच्या दृश्यात तीन माणसे शेतात उभी राहिली असती, आणि लिहिणाऱ्याला ठरवावे लागले असते की ही जमीन कोणाची, पीक किती जणांत वाटायचे, पुढची पिढी कोणाची. एरिकला खलनायक करणे सोपे होते. मायकेलने चार्ल्ससोबत जमीन वाटून घेतली असती का, हा प्रश्न अवघड होता, आणि चार्ल्सच्या पाठीत सुरा बसल्यावर तो विचारायचा राहूनच गेला. मायकेल सज्जन आहे, आम्ही मान्य करतो. पण त्याच्या सज्जनपणाची परीक्षा चित्रपटाने होऊच दिली नाही.

ड्यु बॉइस यांनी जिमला ज्युलियाच्या बापाने दिलेल्या पैशांसह जमावात एकटे सोडलेले नाही. कथेच्या अगदी शेवटी गर्दीतून एक बाई वाट काढत येते. काळीसावळी, कष्टाने वाळलेली, हातात मेलेले बाळ. ती जिमला हाक मारते. तो वळतो आणि रडत रडत तिला मिठीत घेतो. रोझॅनचेही बाळ मेले होते आणि तिलाही घ्यायला कोणीतरी आले होते. त्या दोघांच्या माथ्यावर नव्या पृथ्वीचे वचन झळकले. जिम आणि त्याच्या बायकोच्या भोवती तेच जुने न्यूयॉर्क होते, आणि ज्यांनी त्याला तळघरात उतरवले, तसेच लोक चारी बाजूंनी उभे होते.